करड्याचे घर आणि सुप्याचा बाजार

मंडळी, कर्जापायी शेत गेल्याच्या हकिगती आपल्याला नव्या नाहीत. गावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो बांधासकट सांगतो : हा तुकडा अमक्याचा होता, तमक्या सालच्या दुष्काळात गेला. आज मी मात्र शेताची नव्हे, एका राहत्या घराची हकिगत सांगणार आहे. घर एकच होते, पण त्यापायी दोन जिल्हे पेटले, विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत कागद गेले आणि एक कायदा झाला.

साल १८७४, महिना डिसेंबर. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. तिथे बाबासाहेब देशमुख नावाचे गृहस्थ राहत. आडनावावरूनच कळते की घराणे मानाचे, गावात शब्दाला वजन. पण हातात पैसा नव्हता. काळुराम नावाच्या सावकाराचे त्यांच्याकडे येणे होते. सावकाराने दावा लावला, कोर्टातून १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या जोरावर देशमुखांचे घर पाडायला घेतले.

घर जप्त होऊन लिलावात जाणे निराळे आणि भर गावात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते मोडले जाणे निराळे. आपल्या अवर्षणी मुलखात जुन्या घराच्या मातीच्या भिंतीला मोल नसते. मोल असते ते खांबांना, तुळयांना, वाशांना. घर उतरवून लाकूड विकले की पैसा हाती येतो. सावकाराच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. पण गाव हिशेब पाहत नव्हते. गाव एवढेच पाहत होते की देशमुखाच्या घराची ही गत, तर आपल्या खोपटाचे काय!

आता कोणीही विचारील, दीडशे रुपयांसाठी घर कसे मोडता येते? सरकार होते, कोर्ट होते, कायदा होता. याचे उत्तर असे की सरकार, कोर्ट आणि कायदा होता म्हणूनच ते मोडता आले. हे थोडे उलगडून सांगावे लागेल.

सावकार काही इंग्रजांनी आणला नाही. पेशवाईत तो होता, त्याच्या आधीही होता. बी-भरण, बैल, लग्नकार्य, सरकारचा सारा, सगळ्याला त्याचेच तोंड. पण त्या काळी सावकाराचा हात एका मर्यादेपलीकडे जात नसे. वसुली करायची तर गावच्या पाटलाच्या आणि पंचांच्या सामोरे जावे लागे. जमीन सहसा विकली जात नसे, आणि कुळाला पार नागवले तर पुढच्या वर्षी व्याज देणार कोण? सावकाराला गावात राहायचे होते. तो दयाळू होता असे मी म्हणत नाही. त्याला गावाची गरज होती, एवढेच म्हणतो.

इंग्रजी अमलात घडी बदलली. रयतवारी आली. प्रत्येक खातेदाराने आपापला सारा रोख भरायचा, पीक येवो न येवो. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला, तो तसा बेताचा होता. त्यामुळे जमिनीला किंमत आली. जमिनीला किंमत आली म्हणजे ती गहाण टाकण्याजोगी झाली. आणि गहाण टाकण्याजोगी झाली म्हणजे कर्ज मिळण्याजोगीही झाली! मग दिवाणी कोर्टे आली. व्याजाच्या दरावर जुन्या रेग्युलेशनची मर्यादा होती, ती १८५५ च्या कायद्याने उठवली. १८५९ साली दिवाणी कामकाजाचा नवा कायदा झाला आणि त्याच साली मुदतीचा कायदाही झाला. त्यातले मुदतीचे कलम नीट समजून घेण्यासारखे आहे.

साध्या खताची, म्हणजे नोंदणी न झालेल्या कर्जरोख्याची, मुदत तीन वर्षे ठरली. तीन वर्षांत दावा लावला नाही तर रोखा बुडाला. सरकारचा हेतू चांगला होता. वर्षानुवर्षे व्याज चढत राहू नये, सावकाराने हिशेब वेळेवर मिटवावा, असा तो हेतू. झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि म्हणे, "पैसे टाक, नाहीतर नवे खत लिहून दे." पैसे कुठले! नवे खत लिहिले जाई आणि त्यात मागचे मुद्दल नि मागचे व्याज मिळून नवे मुद्दल होई. जुने खत परत मिळाले तर नशीब. पुष्कळदा तेही सावकाराच्या दप्तरातच राही.

शिक्षक बंधूंनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा. शंभर रुपये कर्ज, दर शेकडा दरमहा दोन रुपये. मधे काही भरणा नाही. तीन वर्षांचे सरळ व्याज ७२ रुपये. नवे खत १७२ चे. त्यावर पुन्हा तीन वर्षे, झाले २९५ रुपये ८४ पैसे. आणखी तीन वर्षे, ५०८ रुपये ८४ पैसे. नऊ वर्षांत शंभराचे पाचशे आठ! खरे म्हणजे आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये, हे हिंदू धर्मशास्त्रातही होते आणि मुंबई इलाख्याच्या कोर्टांनाही मान्य होते. पण दर तीन वर्षांनी व्याजाचेच मुद्दल झाले तर दामदुपटीला पकडायला राहिले काय? कागदावर प्रत्येक खत नवे कोरे, प्रत्येक खत कायदेशीर. हा फळ्यावरचा हिशेब मी समजावण्यासाठी मांडला, पण अतिशयोक्ती समजू नका. पुढे सरकारने जो चौकशी आयोग नेमला त्याच्यापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले होते.

खतावर सही कोण करी? कुणब्याला लिहिता येत नसे. नाव दुसऱ्याने लिहायचे आणि शेजारी नांगराचे चित्र काढायचे, "निशाणी नांगर". सावकार बोले एक आणि कागदावर लिहिले जाई दुसरे, तर ते निशाणी करणाऱ्याला कळणार कसे? शंभर लिहून घ्यायचे आणि मनोती कापून हातावर कमी ठेवायचे, हीही रीत होती. भरणा केला तर पावती नाही. सावकाराच्या वहीत जमा झाला तर झाला. मग एक दिवस दावा. समन्स पोचले न पोचले, पोचले तरी औत सोडून तालुक्याला जाणार कोण, आणि गेला तरी बोलणार काय? कागदावर त्याचीच निशाणी होती. बहुतेक हुकूमनामे एकतर्फी होत. न्यायाधीश दुष्ट होते असे नाही. त्यांच्यापुढे एक कागद होता, कागद रीतसर होता, आणि कागदाच्या मागे जाऊन पाहण्याची त्या कायद्यात सोयच नव्हती.

मंडळी, हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे जी मदत खरोखर उपयोगी पडली ती या एका ठिकाणीच.

यात कापसाची भर पडली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थान आठवला. १८६२ साली विलायतेत येणाऱ्या कापसात मोठा वाटा आपला होता. मुंबईच्या पेढ्यांतून पैसा निघाला, मोठ्या सावकाराकडून छोट्याकडे आणि छोट्याकडून गावात आला. कापूस लावतो म्हणणाऱ्याला एकराला शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. ज्याला काल दहा रुपये मिळत नव्हते त्याला आज मागेल तेवढे कर्ज! १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत शेअरबाजाराचा फुगा फुटला. वर पैसा आटला की तगादा खाली येतो. गावचा सावकार स्वतःच पेढीचा देणेकरी होता, त्यालाही निकड लागली. तशात जुन्या तीस सालांच्या सारापद्धतीची मुदत भरली आणि इंदापूरपासून नवी आकारणी सुरू झाली. कुठे पन्नास टक्के वाढ, कुठे दुप्पट, काही गावांत त्याहूनही जास्त. भाव पडलेले आणि सारा चढलेला.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने हे सगळे दंग्याच्या आधीच सांगितले होते. ही सभा १८७० साली निघाली. तिचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून सरकारला कळवले. सरकारने अर्ज वाचला असेल. अर्ज वाचला की काम झाले, अशी सरकारदरबारी समजूत असते. ती पुढेही गेली आहे असे मला वाटत नाही.

आता पुन्हा करड्याला येऊ. घर पाडायला घेतल्यावर गावाने काय केले? काठ्या उचलल्या नाहीत. गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेते कसायची नाहीत, न्हाव्याने हजामत करायची नाही, धोब्याने कपडे धुवायचे नाहीत, पाणक्याने पाणी भरायचे नाही. हे वारे गावोगाव गेले. इंदापूर तालुक्यात कळस गावच्या लोकांनी तर असा करार लेखी केला. मला या गोष्टीचे फार नवल वाटते. ज्या माणसांना कागदाने बुडवले, त्यांनी आपल्या एकजुटीसाठीही कागदच केला. कागदात काय जोर असतो ते त्यांना पुरते कळले होते.

पण बहिष्काराला धीर लागतो, आणि वर्ष टंचाईचे. सावकारांनी नवे कर्ज बंद केले, सारा भरायला पैसे देईनात. १८७५ चा मे उजाडला. १२ तारखेला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक जमले आणि सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. हे सुपे म्हणजे शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले, आज बारामती तालुक्यात असलेले. पारनेरचे सुपे ते निराळे. लोक त्यांची गल्लत करतात म्हणून सांगतो. दुकाने फोडली, धान्य लुटले, पण मुख्य शोध होता वह्यांचा आणि खतांचा. ती बाहेर काढली आणि जाळली. तिथून लोण पुणे जिल्ह्यात आणि नगर जिल्ह्यात पसरले. दोन महिने धामधूम चालली, तीसहून अधिक गावांना झळ पोचली. पुण्याहून पलटण आली, ९५१ माणसे पकडली गेली, पुष्कळांना शिक्षा झाल्या.

या दंग्यात एक वेगळेपण होते, ते सरकारी चौकशीतही नोंदले गेले. जिथे सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली तिथे लोकांनी त्याला सहसा हात लावला नाही. काही ठिकाणी घरे नि गंजी पेटवल्या, मारहाण झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण एकंदरीने रक्तपात फारसा झाला नाही. रोख माणसापेक्षा कागदावर होता. आणखीही एक गोष्ट बोलायला हवी. राग निघाला तो बहुतेक मारवाडी आणि गुजर सावकारांवर, म्हणजे बाहेरून येऊन दुकान थाटलेल्यांवर. आपल्यातले देशी सावकार, त्यांत ब्राह्मण होते नि इतरही होते, ते पुष्कळसे सुटले. त्यांचे व्याज काही गोड नव्हते. जात बघून सावकार ओळखायला गेलो की शेजारचा सावकार दिसेनासा होतो. ज्योतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये "शेतकऱ्याचा असूड" पुरा केला. त्यात त्यांनी सावकाराबरोबर कोर्टकचेऱ्यांतल्या कारकुनांनाही सोडले नाही. त्यांची नजर जास्त पल्ल्याची होती.

वह्या जाळून कर्ज फिटले का? फिटले नाही. १८७६ पासून दोन वर्षे मोठा दुष्काळ पडला आणि जे वाचले होते तेही गेले. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला छापा घातला तो शिरूर तालुक्यातच, धामारीला. म्हणजे करड्याच्याच मुलखात. तेवढ्यात सरकारच्या चौकशी आयोगाचा अहवाल पार्लमेंटपुढे गेला होता. अहवालाचा सूर सगळा दोष सावकारावर टाकण्याचा होता. आयोगातल्या ऑकलंड कॉल्विन या सभासदाने मात्र निराळे टिपण लिहून साऱ्याच्या वाढीकडे बोट दाखवले. सारा वाढवणाऱ्या सरकारने नेमलेला आयोग सारा निर्दोष ठरवतो, यात आश्चर्य नाही. आश्चर्य कॉल्विनचे वाटते.

१८७९ च्या अखेरीस कायदा झाला. नाव लांबलचक, डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. आपण त्याला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा म्हणू. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्याखाली आले. त्यातली काही कलमे मी सोप्या भाषेत सांगतो.

शेतकऱ्यावर कर्जाचा दावा आला तर कोर्टाने नुसत्या खतावर निकाल द्यायचा नाही. शेतकऱ्याला समोर बोलावून त्याची जबानी घ्यायची. खताच्या मागे जायचे. पहिला व्यवहार कधी झाला, हातात किती पैसे पडले, मधे किती भरले, ते सगळे सुरुवातीपासून उकलायचे. मुद्दलाचा हिशेब निराळा, व्याजाचा निराळा, आणि व्याजाचे मुद्दल करून चढवलेली रक्कम साधारणपणे धरायची नाही. निघेल तो आकडा हप्त्याने फेडण्याची सवलत द्यायची. कर्जासाठी शेतकऱ्याला अटक नाही. जी जमीन किंवा घर कागदात स्पष्टपणे गहाण दिलेले नाही, त्यावर पैशाच्या हुकूमनाम्याची जप्ती आणायची नाही. म्हणजे पाहा, करड्याच्या घरासारखे घर! खताची मुदत वाढवली, साध्या खताची सहा वर्षे आणि नोंदलेल्याची बारा, म्हणजे तीन वर्षांनी खत नवे करण्याचे निमित्तच गेले. गावोगाव खते नोंदणारे अंमलदार नेमले. त्यांच्यासमोर लिहिल्याशिवाय शेतकऱ्याचे खत ग्राह्य नाही. सावकाराने पावती द्यायची, मागितल्यास सालाचा उतारा द्यायचा, पासबूक द्यायचे. आज बँकेचे पासबूक आपण खिशात बाळगतो. कुळाच्या हाती असे पुस्तक हक्काने देवविण्यासाठी या मुलखात कोणकोणत्या गोष्टी घडल्या, ते तुमच्या ध्यानात आले असेल.

अशा कायद्याचे यश माणसांवर असते. सावकारी दाव्यांची गावोगाव जाऊन तपासणी करण्यासाठी खास न्यायाधीश नेमले होते, आणि या जागेवर पुढे महादेव गोविंद रानडे यांनी काम केले. १८९३ साली ते हायकोर्टात गेले, पण त्याच्या आधीची काही वर्षे त्यांनी या चार जिल्ह्यांत फिरतीवर घालवली. तालुक्याच्या गावी मुक्काम करायचा, खालच्या कोर्टांची कामे तपासायची, हिशेब नीट उकलला की नाही ते पाहायचे. शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला रानडे भेटतात ते विद्वान आणि सुधारक म्हणून. कुणब्याच्या खात्यातले आकडे तपासणारे रानडे पुस्तकांत फारसे येत नाहीत. मला स्वतःला तेच जास्त मोठे वाटतात. सार्वजनिक काकांनीही दंग्याच्या सुमारास लवाद कोर्टांची चळवळ चालवली. स्टँप नाही, वकील नाही, दोघांच्या विश्वासाच्या पंचांपुढे तंटा मिटवायचा, असे त्यांचे धोरण होते.

कायद्याने सगळे साधले असे मात्र नाही. सावकारही काही झोपलेला नव्हता. खत तपासले जाते म्हटल्यावर त्याने खतच सोडले आणि खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. जमीन विकली असे कागदावर लिहायचे आणि तोंडी वचन द्यायचे, "पैसे फेड, जमीन तुझी परत." वचनाला साक्षीदार कोण? पुढे कायद्यात दुरुस्ती करून कोर्टाला अधिकार द्यावा लागला, की कागद खरेदीचा दिसला तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता काय, हे तोंडी पुराव्यानेही तपासावे. शिवाय कायदा सावकाराचा हात धरू शकत होता, शेतकऱ्याच्या हातात पैसा ठेवू शकत नव्हता. बी-भरणाची निकड होतीच. सर विल्यम वेडरबर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे ओळखले. पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी पेढी काढावी, जुनी कर्जे तडजोडीने फेडून नवे कर्ज माफक व्याजाने द्यावे, अशी योजना त्याने १८८० नंतरच्या पहिल्या वर्षांत मांडली. हिंदुस्थान सरकार राजी झाले, पण विलायतेत भारतमंत्र्याने ती नामंजूर केली. १८८३ नि १८८४ च्या कायद्यांनी तगाई आली, ती अपुरी होती. सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले. नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली पतपेढी काढली. पुढचा प्रवरेचा कारखाना तुम्हाला ठाऊकच आहे, त्याची गोष्ट आज सांगत बसत नाही. एवढेच सांगतो की १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली, तिच्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. त्या पाहणीत सहकारी संस्थांचा वाटा शंभरात तीन निघाला आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास. १९०४ पासूनच्या जवळजवळ पन्नास वर्षांची ती कमाई होती.

दख्खनचा तो जुना कायदा आज नाही. १९४७ साली कर्जनिवारणाचा दुसरा कायदा आला आणि तो मागे पडला. पण त्यातल्या दोन गोष्टी आजच्या कायद्यात उतरल्या आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या तरी दारात त्यांची गरज पडेल, म्हणून सांगतो.

पहिली घराची. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एक वाक्य होते, की शेतकरी राहत असलेल्या घराचे सामान, म्हणजे तेच खांब नि वासे, हुकूमनाम्यात जप्त करता येणार नाही. १९०८ च्या संहितेत ते साठाव्या कलमात आहे आणि आता त्यात सामानाबरोबर घर, घराखालची जागा आणि लगतची जमीनही आहे. शेतकरी, मजूर आणि घरगडी यांच्या राहत्या घराला हे संरक्षण मिळते. एक मेख आहे. घर जर तुम्हीच गहाण लिहून दिले असेल, तर त्या गहाणाच्या वसुलीला हे कलम आड येत नाही. म्हणून घराचा उतारा कोणाच्या हाती देताना तो कशासाठी मागतात हे आधी विचारावे, आणि निशाणी करण्याआधी कागद शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्यावा. गुरुजींनीही "मला वेळ नाही" म्हणू नये.

दुसरी खरेदीखताची. सावकाराला कर्जाच्या तारणापोटी जमीन "खरेदी" लिहून द्यायची आणि तोंडी वचनावर विसंबायचे, हा प्रकार आजही चालतो. त्याला महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ लागू पडतो. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्याखाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची. परवाना असला तरी चक्रवाढ व्याज घ्यायचे नाही आणि मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करायचे नाही. आपली जुनी दामदुपट फिरून कायद्यात आली ती अशी. अवैध सावकारीत घर किंवा जमीन लिहून गेली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार अर्जाच्या तारखेच्या मागे पंधरा वर्षांच्या आतला असला पाहिजे. निबंधक दोन्ही बाजूंना बोलावतो, कागद बघतो आणि कागदाच्या मागचेही बघतो. व्यवहार सावकारीचाच होता अशी खात्री पटली तर ते खरेदीखत रद्द ठरवून मालमत्ता मूळ मालकाला परत देण्याचा हुकूम तो करू शकतो. न पटलेल्या पक्षाला वर विभागीय निबंधकाकडे अपील आहे. अर्जाला जाताना खरेदीखताची नक्कल, सात-बारा किंवा घराचा उतारा, दिलेल्या पैशांच्या असतील त्या चिठ्ठ्या, आणि व्यवहार ज्यांच्या समोर ठरला त्या माणसांची नावे बरोबर न्यावीत. चिठ्ठ्या फाटक्या असल्या तरी चालतील, फेकून मात्र देऊ नयेत.